पारंपरिक युद्धविद्या आणि स्वसंरक्षण : अभ्यासपद्धतीच्या दृष्टीने एक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

पारंपरिक युद्धविद्यांचे शिक्षण घेतल्याने मनुष्यास प्रत्यक्ष हल्ल्याच्या प्रसंगी स्वतःचे रक्षण करता येते काय, हा प्रश्न वरकरणी सोपा वाटतो. परंतु त्याचे उत्तर देणाऱ्यांचे सामान्यतः दोन पक्ष पडलेले दिसतात. एका पक्षाचे म्हणणे असे की, ज्या विद्या शेकडो वर्षे रणांगणावर उपयोगी पडल्या, त्या आज गल्लीतील एखाद्या गुंडासमोर कुचकामी ठरतील हे संभवतच नाही. दुसरा पक्ष म्हणतो की, दांडपट्ट्याचे हात काय किंवा कराटेच्या कवायती काय, हा आता मिरवणुकीचा आणि संमेलनाचा भाग झाला असून प्रत्यक्ष झटापटीशी त्याचा काही संबंध उरलेला नाही. या दोन्ही पक्षांत एक दोष समान आहे. दोघेही विद्येची परीक्षा तिच्या नावावरून करतात. ती विद्या शिकणारा मनुष्य रोज नेमके काय करतो, हे पाहण्याची तसदी कोणीच घेत नाही.

हा प्रश्न केवळ तात्त्विक कुतूहलाचा नाही. समग्र शिक्षा योजनेखाली शासकीय शाळांतील विद्यार्थिनींना स्वसंरक्षणाचे तीन महिन्यांचे शिक्षण देण्याची तरतूद आहे. अनेक महाविद्यालयांतून आठ-दहा दिवसांची शिबिरे भरतात, शेवटच्या दिवशी प्रात्यक्षिके होतात, कौले फोडून दाखविली जातात आणि प्रमाणपत्रे वाटली जातात. विद्यार्थिनी घरी जाते ती एक विश्वास मनात घेऊन. तो विश्वास सार्थ असेल तर उत्तमच. पण तो पोकळ असेल, तर ज्या प्रसंगी पळून जाणे शहाणपणाचे होते त्या प्रसंगी ती उभी राहील, आणि आपण शिकविलेल्या विद्येची किंमत तिला मोजावी लागेल. यास्तव अशा शिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्या शिक्षकाने त्याची चिकित्सा करणे हे त्याचे कर्तव्यच ठरते.

प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, युद्धविद्येचे स्वसंरक्षणातील मूल्य तिच्या प्राचीनतेवर अथवा तिच्यातील डावांच्या घातकतेवर अवलंबून नसते. ते मुख्यतः तिच्या अभ्यासपद्धतीवर, म्हणजे शिकणाऱ्यासमोर खराखुरा विरोध करणारा प्रतिपक्षी उभा राहतो किंवा नाही यावर, अवलंबून असते. आणि अशी उत्तम पद्धती लाभली तरीही स्वसंरक्षण ही युद्धविद्येहून व्यापक गोष्ट आहे, हे विसरून चालत नाही.

२. अभ्यासाचे संक्रमण

एका क्षेत्रात केलेल्या अभ्यासाचा दुसऱ्या क्षेत्रात कितपत उपयोग होतो, हा शिक्षणशास्त्रातील जुना प्रश्न आहे. थॉर्नडाइक व वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी १९०१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसून आले की, काटकोन-चौकोनांचे क्षेत्रफळ अजमावण्याचा भरपूर सराव केलेल्या व्यक्तींना अन्य आकृतींचे क्षेत्रफळ अजमावण्यात अपेक्षेइतकी प्रगती दाखविता आली नाही. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा की, दोन क्रियांमध्ये जेवढे घटक समान असतील तेवढ्याच प्रमाणात एकीचा अभ्यास दुसरीस उपकारक होतो. पुढील संशोधनाने या सिद्धान्तात अनेक दुरुस्त्या केल्या. तथापि त्याचा गाभा आजही उपयुक्त आहे.

आता हा सिद्धान्त आपल्या विषयास लावून पाहू. हल्ल्याच्या प्रसंगाचे घटक कोणते? हल्लेखोर कधी आणि कोणत्या बाजूने येईल हे ठाऊक नसते. तो आपल्या डावाला मान देऊन जागच्या जागी उभा राहत नाही. तो ढकलतो, ओढतो, केस वा कपडे धरतो. आणि या सर्व काळात आपले अंतःकरण भयाने धडधडत असते. याउलट, जेथे शिक्षक अंक मोजतो, समोरचा सहाध्यायी ठरलेल्या क्षणी ठरलेला ठोसा मारतो आणि डाव झाल्यावर आपण होऊन खाली पडतो, तेथील अभ्यासात वरीलपैकी एकही घटक नसतो. शरीराची चपळता वाढते, अवयव सुटे होतात, मनाला शिस्त लागते, हे सर्व खरे. पण ज्याला संक्रमण म्हणावे ते अत्यल्प होते.

याच संदर्भात दुसऱ्या एका संशोधनाचा निर्देश करणे अवश्य आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ हिक याने १९५२ मध्ये दाखवून दिले की, समोर असलेल्या पर्यायांची संख्या वाढली की निवड करण्यास लागणारा काळही वाढतो. ही वाढ पर्यायांच्या प्रमाणात नसून त्यांच्या लघुगणकाच्या प्रमाणात असते, म्हणजे हळूहळू होते. हे प्रयोग दिव्यांच्या खुणा व कळा यांच्या साहाय्याने केलेले होते. तेव्हा त्यांचे निष्कर्ष झटापटीस जसेच्या तसे लावणे धाडसाचे होईल. तरीही शिक्षकाने त्यातून एवढा बोध घ्यावयास हरकत नाही की, दहा दिवसांत चाळीस डाव दाखविण्यापेक्षा चारच डाव अंगवळणी पाडणे अधिक हितावह आहे.

३. जपानमधील एक उद्बोधक उदाहरण

अभ्यासपद्धती बदलली म्हणजे विद्येचे स्वरूप कसे बदलते, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण जपानच्या इतिहासात आढळते. जिगोरो कानो (१८६०–१९३८) याने तरुणपणी जुजुत्सूच्या तेन्जिन शिन्यो व कितो या दोन संप्रदायांचे शिक्षण घेतले आणि १८८२ मध्ये टोकियोतील एइशोजी या बौद्ध मंदिरात, बारा चटयांच्या जागेत, अवघ्या नऊ शिष्यांनिशी कोडोकान ही संस्था काढली. त्याने आपल्या पद्धतीस ज्यूदो असे नाव दिले.

जुन्या जुजुत्सूत सांधे मोडण्याचे, मर्मस्थानी आघात करण्याचे अनेक घातक डाव होते. परंतु जो डाव खरोखरीच घातक आहे तो सहाध्यायावर पूर्ण शक्तीनिशी करता येत नाही. तो केवळ आखून दिलेल्या क्रमाने, हलक्या हाताने करून दाखवावा लागतो. अशा आखीव अभ्यासास जपानी भाषेत 'काता' म्हणतात. कानोने हे घातक डाव कातापुरते राखून ठेवले आणि फेकणे, दाबून धरणे, गळा आवळणे व कोपर पिरगळणे यांसारखे जे डाव पूर्ण जोराने करूनही वेळीच सोडता येतात, त्यांचा 'रांदोरी' या मुक्त लढतीत समावेश केला. रांदोरीत प्रतिपक्षी काय करील हे आधी ठरलेले नसते. तो आपला डाव फसविण्याचा आणि स्वतःचा साधण्याचा प्रयत्न सतत करीत असतो.

येथे एक विरोधाभास वाचकांच्या ध्यानात येईल. कानोने विद्या सौम्य केली, आणि त्यामुळेच ती अधिक प्रभावी झाली. ज्याने डोळ्यात बोटे घालण्याचा डाव हजार वेळा हवेत केला आहे, त्याच्यापेक्षा ज्याने साधी टांग हजार वेळा विरोध करणाऱ्या माणसाला मारली आहे, तो झटापटीत अधिक भरवशाचा ठरतो. १८८० नंतरच्या दशकात टोकियो पोलिसांच्या सामन्यांत कोडोकानच्या शिष्यांनी नाव मिळविले आणि पोलिसांच्या शिक्षणात ज्यूदोला स्थान मिळाले, ते याच कारणाने.

तथापि हे उदाहरण एकांगी ठरू नये म्हणून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९५६ मध्ये खुद्द कोडोकानने स्वसंरक्षणासाठी एकवीस डावांचा एक नवा काता निश्चित केला. त्यात बारा डाव निःशस्त्र हल्ल्याविरुद्ध असून उरलेले नऊ सुरा, काठी व पिस्तूल यांविरुद्ध आहेत. मुक्त लढतीत शस्त्राचा प्रश्न येतच नाही, ही उणीव संस्थेलाही जाणवली होती, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो. मुक्त लढत ही आवश्यक गोष्ट आहे. ती पुरेशी मात्र नाही.

४. महाराष्ट्रातील परंपरा

आपल्याकडील परंपरेकडे याच दृष्टीने पाहिले असता तिच्यातही दोन निरनिराळे प्रवाह स्पष्ट दिसतात. द. चिं. मुजुमदार यांनी बडोद्याहून प्रसिद्ध केलेल्या व्यायाम ज्ञानकोशाचे खंड चाळणाऱ्यास या परंपरेच्या विस्ताराची कल्पना येते. लाठी, बनेटी, फरी-गदका, दांडपट्टा, विटा, बोथाटी, जंबिया अशी अनेक अंगे तीत आहेत.

यांपैकी फरी-गदक्याचे उदाहरण विशेष महत्त्वाचे आहे. गदका म्हणजे तलवारीच्या जागी वापरावयाची, कातडे मढविलेली छडी. आणि फरी म्हणजे छोटी ढाल. दोन खेळाडू समोरासमोर उभे राहून एकमेकांस वार लावण्याचा आणि दुसऱ्याचा वार फरीवर घेण्याचा प्रयत्न करतात. कानोने जे तत्त्व जुजुत्सूला लावले, तेच तत्त्व येथे शस्त्रविद्येला लावलेले आहे. शस्त्र बोथट केले की झुंज खरी करता येते, हे आपल्या वस्तादांनाही उमगलेले होते.

दांडपट्ट्याची गोष्ट वेगळी. पट्ट्याचे पाते लांब व सरळ असून त्याची मूठ कोपरापर्यंत येणाऱ्या लोखंडी खोबळ्यात असते. त्यामुळे मनगट वळत नाही. सगळे शरीर फिरवून वार करावे लागतात. असे शस्त्र सरावात एकमेकांवर मोकळेपणी चालविणे अशक्य. साहजिकच त्याचा अभ्यास एकट्याने करावयाच्या हातांचा आणि लिंबू कापण्यासारख्या नेमक्या प्रात्यक्षिकांचा राहिला. १८७८ च्या शस्त्रकायद्यानंतर शस्त्र बाळगण्यावर कडक निर्बंध आले, संस्थानी फौजांचे लढाऊ महत्त्वही उरले नाही. आणि जो भाग प्रेक्षणीय होता तोच उत्सवप्रसंगी टिकून राहिला. कोल्हापूरच्या तालमींनी मर्दानी खेळ जिवंत ठेवले हे त्यांचे मोठे ऋण आहे. परंतु प्रेक्षकांसाठी टिकलेला भाग आणि लढाईसाठी उपजलेला भाग हे एकच नव्हेत, एवढे भान अभ्यासकाने ठेवावयास हवे.

कुस्तीचा प्रवाह मात्र कधीच खंडित झाला नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरास खासबाग मैदान बांधले, गावोगावच्या जत्रांत फड भरत राहिले, आणि तालमीतील पोरे रोज लाल मातीत एकमेकांशी लढत राहिली. कुस्तीत प्रत्येक डावाला तोड असते आणि ती तोड करणारा जिवंत माणूस समोर असतो. म्हणून अंगात मर्दानी विद्या मुरविण्याच्या दृष्टीने, लौकिकात जिला कोणी स्वसंरक्षणाची कला म्हणत नाही ती कुस्तीच आपल्या परंपरेतील सर्वांत फलदायी विद्या ठरते, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

५. आखाड्यापासून रस्त्यापर्यंत

येथे एक आक्षेप संभवतो. आखाड्यातील लढत खरी असली तरी ती नियमबद्ध असते. मग तिचा रस्त्यावर उपयोग होतो हे कशावरून?

आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर समान घटकांच्या सिद्धान्तातच आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गेले तेव्हा त्यांचा हाडाचा सराव मातीतला होता, आणि तेथे गादीवर व आंतरराष्ट्रीय नियमांनी लढावे लागले. त्यांना सहावा क्रमांक मिळाला. त्यानंतर गादीच्या कुस्तीची तयारी करून त्यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. मातीतले कौशल्य गादीवर संक्रमित झाले, परंतु ते पूर्णत्वाने नव्हे. नव्या परिस्थितीचा वेगळा अभ्यास करावाच लागला. माती व गादी यांत जर इतके अंतर, तर आखाडा आणि अंधारी गल्ली यांत किती असेल, याची कल्पना करता येईल.

दुसरे उदाहरण १९९३ चे. त्या वर्षी अमेरिकेतील डेन्व्हर येथे निरनिराळ्या युद्धविद्यांचे तज्ज्ञ वजनगट न पाळता आणि अगदी मोजक्या निर्बंधांनिशी परस्परांशी लढले. त्यात ब्राझीलचा रॉयस ग्रेसी हा तुलनेने किरकोळ अंगयष्टीचा खेळाडू विजयी झाला. त्याच्या घराण्यातील विद्येचे मूळ मित्सुयो माएदा या कोडोकानच्या ज्यूदोपटूने ब्राझीलमध्ये दिलेल्या शिक्षणात आहे. मुक्त लढतीच्या पद्धतीचे सामर्थ्य यावरून दिसते. पण तेथेही दोनच माणसे होती, शस्त्र नव्हते, पंच हजर होता आणि दोघांनाही लढतीची वेळ आधीपासून ठाऊक होती. जमिनीवर लोळत प्रतिपक्ष्याला दाबून धरणे हे तेथे विजयाचे साधन होते. हल्लेखोराचे दोन साथीदार जवळ उभे असतील तर तेच आत्मघाताचे होईल.

६. हल्ल्याचे वास्तव रूप

स्वसंरक्षणाच्या वर्गांत हल्लेखोर हा नेहमी अनोळखी, आडदांड आणि अंधारातून अवचित येणारा असा कल्पिलेला असतो. स्त्रियांवरील लैंगिक अत्याचारांच्या बाबतीत हे चित्र बहुतांशी चुकीचे आहे. बहुसंख्य प्रकरणांत आरोपी पीडितेच्या परिचयाचा असतो. ओळखीच्या माणसाविरुद्ध पहिली अडचण डाव न येण्याची नसते. समोर घडत आहे तो हल्ला आहे हे मनाशी कबूल करण्याची आणि संकोच सोडण्याची असते.

याविषयी कॅनडातील एक प्रयोग महत्त्वाचा आहे. तेथील तीन विद्यापीठांतील पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींना यदृच्छेने दोन गटांत विभागण्यात आले. एका गटास प्रत्येकी तीन तासांची चार सत्रे देण्यात आली. दुसऱ्या गटास केवळ माहितीपत्रके मिळाली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एका वर्षाच्या अवधीत बलात्कारास बळी पडण्याचे प्रमाण दुसऱ्या गटात ९.८ टक्के होते, तर पहिल्या गटात ते ५.२ टक्के राहिले. म्हणजे बारा तासांच्या शिक्षणाने धोका जवळजवळ निम्म्यावर आला. या चार सत्रांत धोक्याची चिन्हे ओळखणे, परिचिताविरुद्ध प्रतिकार करण्यातील मानसिक अडथळे दूर करणे, स्वतःच्या इच्छा-अनिच्छा स्पष्ट करणे, आणि ओरडून व हातपाय चालवून प्रतिकार करणे, असे विषय होते. शारीरिक डाव हा या शिक्षणाचा केवळ एक भाग होता. पण तो भाग गाळलेला नव्हता, हेही तितकेच लक्षणीय आहे.

इतिहासातील एक प्रसंग याच गोष्टीस पुष्टी देतो. ब्रिटनमधील मताधिकारवादी स्त्रियांच्या संरक्षक पथकास १९१३ पासून ईडिथ गॅरड या ठेंगण्या बाईंनी जुजुत्सू शिकविले. एमिलीन पँकहर्स्ट यांना पोलिसांच्या हाती लागू न देणे हे पथकाचे काम. १९१४ मध्ये लंडन येथे एका स्त्रीला पँकहर्स्टबाईंच्या वेषात पुढे पाठवून या पथकाने पोलिसांना चकविले. त्याच वर्षी ग्लासगोच्या सभेत मात्र समोरासमोर झुंज झाली आणि पँकहर्स्टबाई पकडल्या गेल्या. दोन्ही ठिकाणी पथकाचे शिक्षण तेच होते. यश आले ते युक्तीस.

७. कायद्याची मर्यादा

युद्धविद्येच्या वर्गात सहसा न सांगितली जाणारी, परंतु नागरिकास जाणणे अवश्य अशी आणखी एक बाब म्हणजे कायदा. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आत्मसंरक्षणाच्या हक्काचे विवेचन आहे. हक्क बजावताना केलेले कृत्य अपराध ठरत नाही. परंतु संरक्षणासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करण्याची मुभा नाही, आणि शासकीय यंत्रणेकडे धाव घेण्यास अवधी असेल तेथे हा हक्क पोहोचत नाही. शरीररक्षणाचा हक्क धोक्याची वाजवी भीती असेपर्यंतच टिकतो. हल्लेखोर खाली पडला, पळू लागला, की पुढचा तडाखा हा संरक्षण न राहता सूड होतो. ज्या पद्धतीत 'शत्रूस निकामी करणे' हाच शेवट शिकविला जातो, तेथे शिष्याला तुरुंगाच्या दारापर्यंत नेण्याचा धोका असतो. म्हणून डावाचा शेवट सुटका करून घेणे व दूर जाणे हाच असावयास हवा.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून पारंपरिक युद्धविद्या टाकाऊ आहेत असा निष्कर्ष कोणी काढू नये. मुक्त लढतीवर आधारलेल्या विद्येपासून काही लाभ निश्चित मिळतात. पडताना डोके व मनगट सांभाळून अंग कसे टाकावे, हे ज्यूदोत पहिल्याच दिवसापासून शिकवितात, आणि हल्ला जन्मात एकदाही झाला नाही तरी घसरून पडण्याचा प्रसंग प्रत्येकावर येतो. कोणी अंगाला झोंबले असता बावरून न जाता श्वास स्थिर ठेवणे, तोल राखणे, पकड सोडविणे, हे कुस्तीतून लाभते. दोन माणसांतील अंतराचे अचूक भान लाठी व फरी-गदका यांतून येते; आणि हे भान काठी हातात नसतानाही उपयोगी पडते. शिवाय वस्तादाच्या नजरेखाली रोज हरण्याची सवय झालेल्या माणसाच्या ठिकाणी जो संयम येतो, तो त्याला अनेक भांडणांपासून मुळातच दूर ठेवतो.

शिबिरे योजणाऱ्यांसाठी यातून काही सूचना निघतात. डाव थोडे असावेत आणि ते विरोध करणाऱ्या सहाध्यायावर, विरोध हळूहळू वाढवीत, पुनःपुन्हा करवून घ्यावेत. एकूण वेळेचा निदान अर्धा भाग धोका ओळखणे, मोठ्याने नकार देणे, निसटणे व मदत मागणे यांस द्यावा. कायद्याची मर्यादा पहिल्याच दिवशी सांगावी. सुरा किंवा पिस्तूल दाखविणाऱ्यास पैसे देऊन टाकणे हे भित्रेपणाचे लक्षण नव्हे, हे स्पष्ट करावे. आणि कौले फोडण्याचा कार्यक्रम वगळावा, कारण कौल उलटून प्रतिकार करीत नाही.

विद्येची परंपरा जपणे आणि तिच्याकडून संरक्षणाची अपेक्षा करणे, ही दोन स्वतंत्र कामे आहेत. पहिल्यासाठी श्रद्धा पुरते. दुसऱ्यासाठी परीक्षा लागते. एखाद्या विद्यार्थिनीच्या हाती प्रमाणपत्र देण्यापूर्वी, तिने या दिवसांत एकदा तरी खरोखर विरोध करणाऱ्या माणसाच्या पकडीतून स्वतःला सोडवून घेतले आहे काय, एवढा एकच प्रश्न शिक्षकाने स्वतःस विचारावा. त्याचे उत्तर नकारार्थी असेल, तर तिला दिलेले शिक्षण अपुरे आहे, मग त्या विद्येचे नाव कितीही प्राचीन असो.